सुरी-काट्याचे मेसन : विधी, विनोद आणि मुंबईतलं एक बंद दार

कोल्हापुरात 'लॉज' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते एसटी स्टँडजवळचं, अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या भाविकांनी भरलेलं राहण्या-जेवणाचं लॉज. त्यामुळे 'मी फ्रीमेसन लॉजवर वाचतोय' असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, आणि मग हळूच विचारतो, "ते कवटीवाले ना?" आजची पोस्ट या हसण्याबद्दलच आहे. एखाद्या गुप्त संघटनेचा इतिहास लिहायचा तर तिच्यावर केलेले आणि तिच्या आत केलेले विनोद साधन म्हणून कसे वापरायचे, एवढाच आजचा मुद्दा. पीएच.डी.साठी विषय शोधत असाल, तर ही युक्ती फ्रीमेसनरीच्या बाहेरही उपयोगी पडेल.

आधी बाहेरच्यांचा विनोद बघा. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली आला. त्यात 'जादूघर' अशी नोंद आहे. इंग्रजांच्या छावणीच्या गावात फ्रीमेसनांची लॉज असली की देशी लोक तिला जादूघर म्हणत, आणि मुंबईकडे तर तिला 'शैतानखाना' असंही नाव होतं, असं कोशकार सांगतात. विचार करा, काय दिसत असेल लोकांना? संध्याकाळी साहेब लोक काळे कपडे घालून एका बंद इमारतीत जातात, दारावर हातात तलवार घेतलेला पहारेकरी, आतून मधूनच ठोकल्याचे आवाज, आणि रात्री सगळे खुशीत बाहेर. आपल्या गावात असं काही चाललं असतं तर आपणही याहून सौम्य नाव ठेवलं नसतं. पण हे नाव तुम्हाला दाराबाहेरच्या माणसाबद्दल सांगतं. आतल्याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यासाठी आतल्यांचे विनोद लागतात.

आत काय असतं ते थोडक्यात. गवंड्याची हत्यारं, म्हणजे गुण्या, ओळंबा, कर्कटक, ही प्रतीकं म्हणून घेऊन नीतीचे धडे द्यायचे, ही मूळ कल्पना. तीन पदव्या असतात : एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. प्रत्येक पदवीचा विधी म्हणजे एक छोटं नाटकच. ठरलेले संवाद, ठरलेली पावलं, ओळखीच्या खुणा आणि शब्द. पोलिसांची 'थर्ड डिग्री' तुम्ही पेपरात वाचताच. तो शब्दप्रयोग बहुधा या तिसऱ्या पदवीच्या उलटतपासणीवरूनच आला असावा, असं कोशकारांचं मत आहे. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे सगळं लिहून ठेवायचं नाही अशी शपथ. पाठांतर करायचं, तोंडी द्यायचं.

आता पाठांतराने चालणाऱ्या विधीचं काय होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. गणपतीत दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडे आरतीला उभे राहा. एक कडवं त्यांच्याकडे आधी, एक आपल्याकडे नंतर. आपण ज्या ओळीवर थांबतो तिथे ते सूर लांबवतात. टाळ्या चुकतात, दोन्हीकडचे एकमेकांकडे बघून हसतात, आणि घरी जाताना कुणीतरी म्हणतंच, "त्यांच्याकडे जरा वेगळंच म्हणतात, नाही?" मेसनांचं निम्मं विनोदी साहित्य या एका वाक्यावर उभं आहे. पाहुणा मेसन परक्या लॉजमध्ये जातो, चुकीच्या पायाने पुढे येतो, चुकीच्या वेळी टाळी वाजवतो, आणि "आमच्याकडे असं करत नाहीत" म्हणतो. संशोधकाला यातून फुकटात काय मिळतं? विधी लिहिलेला नसला तरी तो कुठे, कसा वेगळा होता याचा पुरावा. लोक जिथे फरक असतो तिथेच थट्टा करतात.

आता थोडं लांब जाऊ, लंडनला. कारण हा फरक मुळात पडला कसा, हे कळल्याशिवाय मुंबईची गोष्ट लागत नाही.

लंडनची ग्रँड लॉज १७१७ साली स्थापन झाली असं परंपरा सांगते (अलीकडे काही अभ्यासक १७२१ म्हणतात, तो वाद वेगळा). १७३० साली सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या माणसाने 'मेसनरी डिसेक्टेड' ही पुस्तिका छापली आणि सगळा विधी प्रश्नोत्तरांसकट बाजारात आणला. पुस्तिका हातोहात खपली. आता कुणीही चार पैसे टाकून ती पाठ करावी आणि लॉजमध्ये घुसावं, अशी वेळ आली. ग्रँड लॉजने त्यावर उपाय काय केला? पहिल्या आणि दुसऱ्या पदवीचे ओळखीचे शब्द आपसांत बदलून टाकले. म्हणजे कुलूप तेच, किल्ल्या उलट. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजनी हा बदल केला नाही. साहजिकच लंडनमध्ये पोटापाण्यासाठी आलेला आयरिश मेसन लॉजच्या दारात आपला शब्द सांगायचा आणि तो चुकीचा ठरायचा.

१७५१ साली लंडनमधल्या अशाच, बहुतांश आयरिश, मेसनांनी स्वतःची वेगळी ग्रँड लॉज काढली. तिचा सेक्रेटरी झाला लॉरेन्स डर्मट. हा डब्लिनहून आलेला रंगारी. त्याच्याइतका खवचट माणूस या सगळ्या इतिहासात मला दुसरा भेटलेला नाही. त्याने पहिली चलाखी केली ती नावात. आपल्या ग्रँड लॉजला 'अँटिएंट' म्हणजे प्राचीन म्हटलं, आणि जी खरी आधीची होती तिला 'मॉडर्न' म्हणून हिणवलं. धाकट्याने थोरल्याला 'पोरगं' म्हणावं तसं! गंमत अशी की ही नावं टिकली. आजही अभ्यासक तीच वापरतात. प्रतिस्पर्ध्याने ठेवलेलं नाव आपण निमूटपणे संज्ञा म्हणून वापरतो आहोत का, हे आपापल्या विषयात एकदा तपासून बघाच.

डर्मटच्या 'अहिमान रेझॉन' या ग्रंथाच्या १७६४ च्या आवृत्तीत 'मॉडर्न' मंडळींची यथेच्छ टिंगल आहे. त्याचं म्हणणं साधारण असं : या लोकांना खरा विधी आठवेनासा झाला, म्हणून त्यांनी नवा बनवला. भूमिती शिकण्याची जुनी रीत सोडून दिली, कारण काहींच्या लक्षात आलं की चांगल्या माणसाच्या हातात सुरी-काटा असला, आणि समोर योग्य पदार्थ असला, तर पट्टी-कर्कटकापेक्षा जास्त समाधान मिळतं. मग एप्रन घालायचाच नाही असा ठराव आला. जुन्यांनी विरोध केला, की मेसनपणाची एवढीच तर खूण उरली आहे. शेवटी तोड निघाली : एप्रन घालायचा, पण उलटा, म्हणजे आपण कारागीर दिसणार नाही.

आता ही थट्टा नीट उलगडून बघा. हसू येतं ते सुरी-काट्यावर. पण दुखणं आहे ते शेवटच्या वाक्यात : 'कारागीर दिसणार नाही'. गवंड्याची हत्यारं छातीवर मिरवायची, पण गवंडी म्हणवून घ्यायची लाज. आणि हे म्हणतोय कोण? स्वतः रंगकाम करून पोट भरणारा स्थलांतरित. विधीतल्या फरकावरचा हा विनोद खरं तर वर्गावरचा आहे. तरी त्यानंतर शंभर वर्षं मेसन इतिहासकार हेच लिहीत राहिले, की 'अँटिएंट' म्हणजे मूळ संस्थेतून फुटून निघालेला गट. १८८७ साली हेन्री सॅडलर या ग्रँड लॉजच्याच ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाने जुन्या सभासद-नोंदवह्या उघडल्या आणि दाखवून दिलं, की हे लोक फुटलेले नव्हतेच. ते मुळात आयरिश होते, त्या लंडनच्या संस्थेत कधी नव्हतेच, मग फुटतील कुठून? विनोदाने दिशा दाखवली होती, पुरावा नोंदवहीत होता. दोन्ही एकत्र वाचायला सव्वाशे वर्षं लागली.

१८१३ साली दोन्ही ग्रँड लॉज एक झाल्या. विधी एकसारखा करण्यासाठी खास लॉज नेमली, १८२३ पासून लंडनमध्ये 'इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट' नावाची पाठशाळाच सुरू झाली. वेदपाठशाळेची आठवण व्हावी असा प्रकार. तिथे एकही चूक न करता, कुणी न सुचवता संपूर्ण विधी म्हणून दाखवला तर बक्षीस म्हणून चांदीची काडेपेटी मिळते. (सोन्याची नाही. इंग्रज तो इंग्रजच.) पण एवढं करूनही एकसारखेपणा आला नाही. ब्रिस्टलचा विधी वेगळा राहिला. स्कॉटलंडमध्ये तर ग्रँड लॉजच १७३६ ची, आणि तिच्याखालच्या कित्येक लॉज तिच्याहून जुन्या. त्यांना कोण शिकवणार? तिथे लॉजच्या प्रमुखाला 'राइट वर्शिपफुल मास्टर' म्हणतात, इंग्लंडमध्ये नुसतं 'वर्शिपफुल'. अमेरिकेत प्रत्येक राज्याची ग्रँड लॉज वेगळी, विधी वेगळा, आणि मास्टर डोक्यावर टोपी घालून बसतो, जे लंडनच्या माणसाला फारच विचित्र वाटतं. तिकडचा एक विनोद सगळ्या देशांत सांगितला जातो : एक बल्ब बदलायला किती मेसन लागतात? उत्तर : "बदलायला? बदलायचा कशाला?" आपल्याकडच्या कुठल्याही देवस्थानाच्या विश्वस्त मंडळावर हा जसाच्या तसा बसेल.

एक आडवाट. नवख्याला बोकडावर बसवतात, ही अफवा मेसनांबद्दल फार जुनी. अमेरिकेत तिचा धंदाच झाला. इलिनॉयमधल्या ग्रीनव्हिलच्या डिमूलिन ब्रदर्सने चाकांवरचे खोटे बोकड बनवून विकले. गिऱ्हाईक मुख्यतः मेसनांची नक्कल करणाऱ्या इतर बंधुसंस्था. म्हणजे बाहेरच्यांची टिंगल आतल्यांनी उचलून खेळणं बनवलं. 'शैतानखाना' या नावाचं आपल्याकडे असं काही झालं नाही. आपल्याकडे वेगळंच झालं.

आता मुंबई. इथे इंग्लिश परंपरेची पहिली लॉज १७५८ साली आली, आणि पुढचं जवळजवळ शतकभर लॉज म्हणजे युरोपियनांचं प्रकरण होतं. १८३६ साली डॉ. जेम्स बर्न्स हा कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर पश्चिम भारतासाठी स्कॉटिश परंपरेचा प्रांतिक प्रमुख झाला. (काबूलमध्ये मारला गेलेला अलेक्झांडर बर्न्स याचा हा भाऊ.) म्हणजे एकाच शहरात दोन परंपरा, दोन अधिकारी, दोन रीती. 'पर्सिव्हरन्स' ही १८२८ ची इंग्लिश लॉज पुढे स्कॉटिश छत्राखाली गेली. इथपर्यंत थट्टामस्करीला भरपूर वाव होता. साहेब साहेबाला हसत होता.

मग माणेकजी कर्सेटजी दारात आले. पारशी, सुधारक, पुढे मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी अलेक्झांड्रा संस्था काढणारे. त्यांनी मुंबईत लॉजमध्ये प्रवेश मागितला. नकार मिळाला. ते इंग्लंडला गेले, तिथेही जमलं नाही. शेवटी पॅरिसमधल्या एका फ्रेंच लॉजने त्यांना मेसन केलं. आता ते रीतसर मेसन होते. खुणा, शब्द, पावलं, सगळं येत होतं. मुंबईला परत आले आणि 'पर्सिव्हरन्स'चं दार वाजवलं. पुन्हा नकार.

लॉजमध्ये मतदान गुप्त असतं, पेटीत पांढरे आणि काळे चेंडू टाकून. काळा चेंडू कुणी टाकला ते कळत नाही, का टाकला ते विचारायचं नाही. म्हणून या प्रसंगाभोवती एकही विनोद सापडत नाही, याकडे माझं लक्ष गेलं. आयरिश माणसाचा शब्द चुकला तर हसू, टोपी घातली तर हसू, सुरी-काट्यावर हसू. इथे शब्द अचूक होता, आणि खोलीत शांतता. माझं मत असं की बरोबरीच्या माणसांत विधीचा फरक हा गमतीचा विषय असतो. ज्याला बरोबरीचा मानायचंच नाही, त्याच्यापुढे विधी म्हणजे दाराचा अडसर. त्याला कुणी हसत नाही, कारण हसणं म्हणजे अर्धं आत घेणं.

कोल्हापूरच्या वाचकाला हे ओळखीचं वाटलं असेल. वेदोक्त प्रकरण आपण शाळेपासून ऐकतो. १८९९-१९०० च्या सुमारास पंचगंगेवर कार्तिकस्नान, पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, हे राजारामशास्त्री भागवत शाहू महाराजांच्या नजरेला आणून देतात. तेच पाणी, तीच पहाट, मंत्र तेवढे वेगळे. पण त्या मंत्रांनीच ठरणार होतं की छत्रपती क्षत्रिय की शूद्र. वेगवेगळ्या घरांतल्या पूजेच्या पद्धतींवर आपण विनोद करतोच की. ऋग्वेदी आणि यजुर्वेदी घरांतली एकमेकांची थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वेदोक्ताच्या वादाला मात्र तसं कुणी हसलं नाही. तिथे वतनं गेली, वृत्तपत्रांत लढाया झाल्या. दोन प्रकरणं सारखी आहेत असं मी म्हणत नाही. एकीकडे राजाच्या हातात सत्ता होती, दुसरीकडे माणेकजींच्या हातात पॅरिसचा दाखला. पण 'कोणता विधी' हा प्रश्न 'कोण माणूस' या प्रश्नाचं रूप कधी घेतो, ते दोन्हीकडे एकाच जागी दिसतं : जिथे थट्टा थांबते तिथे.

माणेकजींच्या गोष्टीचा पुढचा भाग दोन परंपरांच्या फरकानेच घडवला. एक दुकान बंद असलं तर शेजारचं उघडतं, तसं. डिसेंबर १८४३ मध्ये बर्न्सच्या पुढाकाराने स्कॉटिश परंपरेखाली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया', क्रमांक ३४२, ही लॉज निघाली, भारतीयांना प्रवेश देण्यासाठी. पारशी आले, मुसलमान आले. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर : कुणाची अवेस्तावर, कुणाची कुराणावर. हिंदूंच्या बाबतीत मात्र घोळ चालूच राहिला. अनेक देव मानणारा माणूस 'एका परमेश्वरावर' शपथ कशी घेणार, आणि जात पाळणारा 'बंधू' कसा होणार, असे प्रश्न युरोपियन मेसन विचारत राहिले. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना जवळजवळ दहा वर्षं झगडून १८७२ साली प्रवेश मिळाला. १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया झाली, तेव्हा तिच्या वेदीवर पाच धर्मग्रंथ आले : गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि गुरू ग्रंथसाहिब. या विषयाचं वाचन सुरू करायचं असेल तर जेसिका हार्लंड-जेकब्ज यांचं 'बिल्डर्स ऑफ एम्पायर' (२००७) घ्या. मुंबईच्या पारशांसाठी वाहिद फोजदार यांचे लेख.

शेवटी डर्मटच्या सुरी-काट्याकडे परत येऊ, कारण तो विनोद भारतात पोचला तेव्हा उलटा झाला. इंग्लंडमध्ये 'नाइफ अँड फोर्क मेसन' हा रूढ टोमणा आहे. विधीत लक्ष नाही, फक्त नंतरच्या जेवणासाठी येतो तो. आपल्याकडे आरतीला नाही पण प्रसादाला हजर, तसा. आता लाहोरची 'होप अँड पर्सिव्हरन्स', क्रमांक ७८२, ही लॉज घ्या. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग तिथे मेसन झाला. तिच्यावरच्या 'द मदर लॉज' या कवितेत तो सांगतो की आम्ही मेजवान्या ठेवत नसू, एखाद्या बंधूची जात बाटेल म्हणून. म्हणजे विधीत सगळे एकत्र, पण पंगत नाही. सुरी-काट्याचा मेसन तिथे जन्मालाच येऊ शकत नव्हता. लंडनला ज्याची चेष्टा होत होती, तेच लाहोरला सगळ्यात अवघड होतं.

पण किपलिंगवर किती विसंबायचं? इथे तुमच्यातला संशोधक जागा व्हायला हवा. 'समथिंग ऑफ मायसेल्फ' या १९३७ साली, मरणानंतर छापलेल्या आत्मचरित्रात तो म्हणतो की आपण १८८५ साली मेसन झालो, वय कमी असूनही खास परवानगीने, कारण लॉजला चांगला सेक्रेटरी हवा होता. लॉजच्या इतिवृत्तात तारीख आहे ५ एप्रिल १८८६. एका वर्षाची चूक म्हातारपणी कुणाचीही होईल. जास्त मजेशीर हे : तो खरंच सेक्रेटरी झाला, आणि स्वतःच्या तिसऱ्या पदवीच्या विधीचं इतिवृत्त त्याच्याच हस्ताक्षरात आहे. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या कथाकारांपैकी एक माणूस, स्वतःच्या आयुष्यातला एक मोठा प्रसंग लिहितोय, आणि लिहितोय कसा, तर एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा : कोण हजर, कोणतं काम झालं, सभा कधी संपली. रंग सगळा कवितेत, तारीख सगळी वहीत. मेजवान्या नसल्याची गोष्ट तपासायची तर तीही त्या वहीतच शोधावी लागेल, खर्चाच्या पानावर.